बत्तिसावा फोटो

मास्तर म्हटलं की लोकांना खडू-फळा आठवतो. खडू यांच्याही हातात असायचा, पण तो कापडावर चालायचा. तयार शर्टांच्या कारखान्यात मास्तरांनी सत्तावीस वर्षं कटिंग केलं. लांबलचक टेबल, त्यावर एकावर एक अंथरलेले कापडाचे थर, वर पुठ्ठ्याचे साचे, आणि साच्यांची मांडणी अशी की दोन बाह्यांच्या बेचक्यात एक कॉलर बसलीच पाहिजे. दुसऱ्या कटरपेक्षा मास्तरांच्या ताग्यातून एक तरी शर्ट जास्त निघायचा. मालक खूश आणि मास्तर मालकाहून खूश. चिंध्यासुद्धा इतक्या बारीक पडायच्या की झाडूवाली म्हणायची, "मास्तर, गरिबाला काही ठेवत जा की!"

घरी या कलेचं कौतुक शून्य. बायको तोंडावर चिंगूस म्हणायची. आणि खोटं नव्हतं हो! पेस्टची ट्यूब संपली की हा माणूस ती कात्रीनं उभी चिरून आठवडाभर दात घासायचा. साबणाच्या चिपट्या दाबून दाबून नवी वडी करायचा. अशा माणसाला नाद कसला लागावा, तर फोटोचा! शेजारचं बिऱ्हाड जागा सोडून जाताना एक जुना कॅमेरा विकून गेलं, तो मास्तरांनी घेतला आणि झालं. कॅमेरा एकदा घेतला की संपलं, पण फिल्म दर वेळी घ्यावी लागते, हे नंतर कळलं. मग काय करावं? छत्तीस फोटोंच्या रिळातून मास्तर अडतीस काढायचे. कॅमेऱ्यात भरताना फिल्म जराही जास्त उजेडात येऊ द्यायची नाही, पहिला फोटो अगदी कडेवर घ्यायचा, शेवटी लिव्हर अडेपर्यंत ओढत राहायचं. अडतिसावा फोटो आला की स्वारी दिवसभर शीळ घालत असायची.

फोटो धुवून देणारे स्टुडिओवाले काका कोपऱ्यावरच होते. रंगीत फिल्म आली, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळलं आणि काकांनी स्टुडिओ आवरायला काढला. एक दिवस मास्तर गेले तेव्हा शटर अर्ध्यावर होतं, आत काका खोकी भरत होते. फळीवर काळ्या प्लॅस्टिकची एक पेटी, तिला बाजूला छोटं हँडल. शेजारी पत्र्याचा चपटा डबा, अजून सील न तोडलेला.

"हे काय?"

"शंभर फुटी फिल्म. अख्खी. हवी तेवढी पेटीतून काढून रिकाम्या डबीत भरायची आणि कापायची. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो."

मास्तर डब्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तागा!"

"तागाच म्हणा."

"आणि मी मूर्खासारखा इतकी वर्षं तुकडे विकत घेत होतो? काका, बोलला नाहीत ते!"

काकांनी पेटी आणि डबा दोन्ही दिलं, वर वीसेक रिकाम्या डब्याही दिल्या. पण द्यायच्या आधी समोर बसवून सगळं शिकवलं. काका शिकवायचे ते दटावून. मोठं भेंडोळं पेटीत ठेवायचं तेवढं पूर्ण अंधारात. एकदा झाकण बसलं की पुढचं उजेडात चालतं. पेटीच्या फटीतून फिल्मचं टोक बाहेर येतं, ते रिकाम्या डबीच्या दांडीला चिकटपट्टीनं लावायचं, डबी बंद करून तिच्या खोबणीत बसवायची, दार लावायचं आणि हँडल फिरवायचं. एक वळसा म्हणजे एक फोटो.

"आता कान उघडे ठेवून ऐका," काका म्हणाले. "ते टोक तुम्ही उजेडात चिकटवता. तेवढा तुकडा उजेड खाऊन बसलेला असतो. आणि तो डबीत सगळ्यात आधी गुंडाळला जातो, म्हणून कॅमेऱ्यात सगळ्यात शेवटी येतो. तेव्हा छत्तीस फोटो हवेत तर बेचाळीस वळसे द्यायचे. चार तोंडाला, ते कॅमेऱ्यात अडकवताना उजेडात जातात, आणि दोन शेपटीला. कपड्यात शिलाईला माया सोडता ना, तशी. आणि शेवटच्या दोन फोटोंवर माणूस नाही घ्यायचा. भिंत घ्या, खिडकी घ्या, माणूस नाही."

"कळलं."

"कळलं नाही, पाळा. विकतच्या रिळाचं टोक कारखान्यात अंधारात लावतात, ते शेवटपर्यंत चालतं. हे नाही चालणार."

मास्तरांनी मान डोलावली. पण मनात दुसरंच यंत्र सुरू झालं होतं. बेचाळीस वळशांनी एकोणीस रिळं निघतात. छत्तीसच दिले तर बावीस! तीन रिळं जास्त! हा मोह मास्तरांना आवरणार? नाव नको.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तरांनी अडगळीच्या खोलीत मुक्काम ठोकला. दाराखालच्या फटीत कारखान्यातून आणलेल्या चिंध्या कोंबल्या, वरच्या झडपेवर गोधडी ठोकली, आणि दार लावून पाच मिनिटं नुसते उभे राहिले, कुठून उजेड येतोय का ते बघत. मग डबा उघडला. अंधारात भेंडोळ्याचं टोक सापडेना. घाम फुटला. बाहेरून बायको ओरडली, "आत आहात ना, की तुमचीच फिल्म झाली?" आई बाजेवर बसून खुदुखुदु हसत होती. पाऊण तासानं मास्तर बाहेर आले ते पेटी छातीशी धरून, लढाई जिंकल्यासारखे. खिडकीपाशी बसून त्यांनी लगेच दोन डब्या भरल्या. छत्तीस वळसे मोजून दिले, एकही जास्त नाही. फिल्मच्या तोंडाशी, कॅमेऱ्यात अडकवायला, कात्रीनं जीभ कापली ती इतकी सुबक, की काकांनाही जमली नसती. ते मास्तरांच्या हातचं कामच होतं.

आता आईचं आणि धाकट्याचं सांगायला हवं, कारण सगळं गाडं तिथंच अडलंय.

मास्तरांचा धाकटा भाऊ विजेच्या उंच मनोऱ्यांवर तारा ओढायचं काम करायचा. वर्षातले नऊ महिने कुठल्या तरी माळावर तंबूत. वडील शेवटचे आजारी पडले तेव्हाही तो लांब होता. मास्तरांनी त्याला कळवलं नाही. "उगाच त्याची धावपळ नको, उतार पडेल दोन दिवसांत," असं म्हणत राहिले. उतार पडला नाही. धाकटा पोचला तो सगळं उरकल्यावर. त्यानं चार लोकांसमोर मोठ्या भावाचा असा पाणउतारा केला की मास्तरांनी त्याचं नावच टाकलं. सात वर्षं! गावात यायचा तेव्हा धाकटा सासुरवाडीला उतरायचा, आईला भेटायला दुपारी यायचा, मास्तर कारखान्यात असताना. आई दोघांच्या मध्ये निरोप पोचवून पोचवून थकली.

मग आईचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. आई म्हणाली, करत नाही. सगळ्यांनी दातांच्या कण्या केल्या. शेवटी तिनं आपली अट सांगितली.

"मला माझ्या दोन्ही मुलांच्या मध्ये बसून एक फोटो काढायचाय. तो काढा, मग डोळा कापा नाहीतर काढून ठेवा. पट्टी सुटली की पहिला तो फोटो बघणार मी. तोपर्यंत डॉक्टरनं माझ्याकडे फिरकायचं नाही."

आता आई अशी अडून बसल्यावर दोघं काय करतात? धाकटा नेमका आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. शनिवारी संध्याकाळी जिना चढून आला. दारात घुटमळला. मास्तर म्हणाले, "ये." तो म्हणाला, "आलो." सात वर्षांनंतर भावांचं एवढंच बोलणं झालं. पण आईचा चेहरा! तिनं ठेवणीतलं लुगडं नेसून ठेवलं होतं आणि सकाळपासून केसाला तेल लावून बसली होती.

कॅमेऱ्यात हातानं भरलेलं ते पहिलंच रीळ होतं. त्यावर कारखाना झाला होता, मशीनची रांग झाली होती, झाडूवाली झाली होती. आकडा बत्तीसवर होता. दुसरी भरलेली डबी मास्तरांच्या खिशात होती. हो, खिशात! हात घालून तिला चाचपलंसुद्धा त्यांनी. पण कॅमेऱ्यात अजून फोटो शिल्लक असताना रीळ बदलायचं म्हणजे फिल्म वाया घालवायची, आणि ते या माणसाच्या रक्तातच नव्हतं. काकांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण मनानं लगेच समजूत काढली की काका म्हातारे, जरा वाढवूनच सांगतात. शेपूट काय, चार बोटांची तर असेल.

कॅमेरा स्टुलावर ठेवून, खाली दोन डबे घालून नेम धरला. आई खुर्चीत, तिच्या डाव्या बाजूला धाकटा. टायमर लावून मास्तर पळाले ते वाटेत चटईत पाय अडकून कोलमडले. धाकट्यानं झटकन हात पकडून त्यांना खाली बसवलं. "बस रे दादा, डोकं फोडशील!" कॅमेरा कुरकुरत होता, आई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि धाकट्यानं मास्तरांचं मनगट सोडलंच नाही. आईच्या पाठीमागून तसंच धरून ठेवलं. कट्ट झालं.

"अजून एक काढ, दादा. आई हसत होती नुसती."

मास्तरांनी लिव्हर ओढली. ती हलली नाही, फिल्म संपली होती. "एक पुरे," मास्तर म्हणाले. "डोळे सगळ्यांचे उघडे होते. मी बघितलं."

त्या दिवशी धाकटा जेवायला राहिला. जाताना जिन्यातून वळून म्हणाला, "एक प्रत मला पण. तंबूत लावीन." मास्तरांनी नुसता हात वर केला.

स्टुडिओ बंद झाला तरी काका घरच्या मोरीत फिल्म धुवायचे. रविवारी रीळ त्यांच्याकडे दिलं आणि सोमवारी मास्तर कामावरून परस्पर तिकडेच गेले. मोरीच्या तारेवर फिल्म वाळत होती. पहिले तीस फोटो आरशासारखे स्वच्छ. एकतिसाव्याच्या कडेनं काळं उतरायला लागलेलं. आणि त्याच्या खाली नुसता काळा तुकडा. दिव्यापुढे धरला, खिडकीपुढे धरला, काकांनी भिंग आणून दिलं. त्यात आई नव्हती, धाकटा नव्हता, मनगट नव्हतं.

"किती वळसे दिलेत?" काकांनी विचारलं.

मास्तरांनी भिंग परत दिलं.

"मी म्हटलं होतं."

"हो."

"असू दे. पहिल्या रिळाला सगळ्यांचं होतं. माझ्या पहिल्या रिळाला एका लग्नाची शेवटची मंडळी गेली होती, नवरा-नवरीचे आईबाप." काका फिल्म उतरवत म्हणाले. "पुन्हा बसवा की त्यांना! भाऊ आहे ना अजून गावात?"

"आहे. शनिवारपर्यंत."

"मग झालं तर."

झालं तर! किती सोपं होतं. चार गल्ल्या पलीकडे भाऊ होता, घरात आई होती, खिशात भरलेली डबी होती. जायचं आणि सांगायचं, अरे, माझ्या चिकटपणानं फोटो गेला, चल पुन्हा. भाऊ हसला असता. सात वर्षांनी तोंड उघडलेला भाऊ फार फार तर दोन शब्द बोलला असता, चिंगूस म्हणाला असता. पण मास्तरांना तेच झोंबत होतं. ज्या गोष्टीचा आयुष्यभर तोरा मिरवला तिनंच तोंडघशी पाडलं, हे धाकट्याला सांगायचं? मंगळवारी वाटलं, उद्या सांगू. बुधवारी कारखान्यात घाई होती. गुरुवारी चपला घालून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. बायकोनं विचारलं, "कुठं निघाला होतात?" म्हणाले, "कुठं नाही." शनिवारी धाकटा गेला.

आईचं ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटली त्या सकाळी तिनं भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवलं, सुनेच्या डोक्यातले पांढरे केस मोजले, आणि मग हात पुढे केला. "आण."

"धुवायला दिलाय, आई."

"अजून?"

"काकांचा स्टुडिओ बंद झालाय ना. वेळ लागतोय."

त्या दिवशी वेळ मारून नेली, आणि मग तेच करत राहिले. काकांची तब्येत बरी नाही. कागद संपलाय. मोठा करून आणतो, जरा थांब. आई दर चार-आठ दिवसांनी विचारायची आणि मास्तरांकडे दर वेळी नवी थाप तयार असायची. तिकडून धाकट्याचा कारखान्याच्या फोनवर फोन यायचा. "दादा, फोटोचं काय झालं?" "पाठवतो, पाठवतो." तीनदा झालं. चौथ्यांदा फोन आलाच नाही. पुढच्या सुट्टीत धाकटा गावात आला तो पुन्हा दुपारचाच येऊन आईला भेटून गेला. मास्तरांनी मनाशी म्हटलं, कामाचा ताप असेल.

आणि एक दिवस आईनंही विचारणं सोडलं. तेव्हा मास्तरांना काय वाटलं असेल? सांगायला जीभ रेटत नाही. त्यांना हायसं वाटलं! म्हातारपणी विसरली बिचारी, असं म्हणून या माणसानं सुटकेचा श्वास टाकला. बेचाळीस वळसे देऊन पुढे तो कितीतरी रिळं भरत राहिला, हात बसला, एक फोटो वाया जाईना. बायकोचे काढले, शेजाऱ्यांच्या पोरांचे काढले. आईचेही काढले, एकटीचे. ती बसायची गुपचूप. "बरा आला का?" एवढंच विचारायची.

दोन वर्षांनी आई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. या खेपेला मास्तरांनी धाकट्याला ताप चढला त्याच दिवशी कळवलं, आणि तो वेळेवर पोचला. आईचं डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं. तेवढं एक बरं झालं.

चार दिवसांनी आलेगेले पांगले. दोघं भाऊ खिडकीपाशी चहा घेऊन बसले होते. धाकट्याचा चहा तसाच गार होत होता.

"दादा, एक विचारू? चिडणार नाहीस?"

"विचार."

"तो फोटो. कधी फाडलास?"

मास्तरांना आधी कळेचना. "कुठला? फाडला? कोण म्हणालं?"

"आई." धाकटा खाली बघत बोलत होता. "मी एकदा तिच्याजवळ फार बडबडलो, की दादा फोटो का देत नाही. तर म्हणाली, फाडला असेल रे त्यानं. त्याच्या मनातला राग अजून गेलेला नाही. तुझ्याशेजारी बसला तो माझ्यासाठी. तू आता त्याला विचारू नकोस, मी पण विचारत नाही. उगाच जिव्हारी लागेल त्याच्या."

मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली.

"नाही रे," ते म्हणाले. "नाही. फोटो आलाच नाही. मी भरलेलं पहिलं रीळ होतं. सहा वळसे कमी दिले. शेवटचा तुकडा उजेडात जळलेला होता, त्यावरच घेतला. काळा आला. नुसता काळा. दुसरं रीळ खिशात होतं माझ्या."

धाकट्यानं मान वर केली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मी आठवडाभर इथंच होतो, दादा."

"माहीत आहे."

"मग सांगायचं नाहीस? आम्ही परत बसलो असतो." धाकट्यानं आईच्या बाजेकडे बघितलं. "ती तर तेल लावून तयारच असायची रे."

मास्तरांनी त्याचं मनगट धरायला हात पुढे केला. धाकट्यानं हात मागे घेतला नाही, पण दिलाही नाही. थोड्या वेळानं तो उठला, गार चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा ठेवला आणि आईच्या बाजेवर जाऊन बसला. मास्तर खिडकीपाशीच होते. आई त्यांच्या जिव्हारी लागेल म्हणून गप्प बसली होती, दोन वर्षं, आणि ते म्हणत होते की ती विसरली.